मालागात पहिल्यांदा येताय? आधी घड्याळ बदला

दर उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी ना कुणी येतंच. कधी नाशिकची मावशी, कधी नवऱ्याचे कॉलेजातले मित्र, एकदा तर शेजारच्या काकूंची भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी. प्रश्न सगळ्यांचे तेच. फोनवर तीच तीच उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून यंदा बसून सगळं लिहून काढलं.

मालागा स्पेनच्या दक्षिण टोकाला, आंदालुसियाच्या किनाऱ्यावर. आपल्याकडचे बरेच पर्यटक या शहराला नुसतं विमानतळ समजतात. उतरले की बॅगा ओढत ग्रानादाला नाहीतर मार्बेयाला पसार. माझं ऐकाल तर निदान तीन पूर्ण दिवस इथे काढा. शहर पायी फिरण्याएवढं आहे, आणि डोंगरावरचा किल्ला, बाजार, संग्रहालयं, समुद्र हे सगळं एकमेकांपासून फार तर अर्ध्या तासाच्या चालीवर.

कधी यायचं

इथे वर्षाकाठी सुमारे २,९०० तास ऊन पडतं, त्यामुळे ‘ऊन मिळेल ना?’ हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कुठलं ऊन हवं याचा. मे-जून सगळ्यात छान. रस्तोरस्ती जॅकरांडा फुललेले असतात आणि संध्याकाळी अंगावर पातळ शालही चालते. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरही उत्तम, शिवाय तोवर समुद्र तापलेला असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर एक शब्द पाठ करून या : ‘तेराल’. हा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा कोरडा वारा. तो सुटला की विदर्भातल्या मे महिन्याची आठवण होते, खिडकी उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे त्याच दिवशी समुद्र बर्फासारखा गार असतो. वारा वरचं कोमट पाणी आत ढकलतो आणि खालचं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं. वर अंग भाजतंय आणि पाय पाण्यात घातला की कळ मस्तकात जाते! त्या दिवशी स्थानिकांसारखंच करा : दुपारी पडदे ओढून घरात बसा.

हिवाळ्यात दिवसा स्वेटर काढून ठेवावा लागेल इतकं छान ऊन असतं, पण घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. फरशी गार आणि हीटर बेताचे. मोजे आणा.

कसं पोचायचं

व्हिसा शेंगेन लागतो. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचं कवच असलेला प्रवास-वैद्यकीय विमा जोडावा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत, तेव्हा तारखा ठरल्या की आधी हे काम उरका. मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावर बदलून यायचं, नाहीतर माद्रिदला उतरून वेगवान रेल्वे पकडायची.

मालागाच्या विमानतळावर टॅक्सीच्या रांगेत लागू नका. आगमनाच्या इमारतीतून बाहेर पडलात की पाटी दिसेल ‘सेर्कानियास’, म्हणजे लोकल गाडी. सी-१ ही मार्गिका साधारण दर वीस मिनिटांनी असते आणि बारा-तेरा मिनिटांत शहरात पोचवते. भाडंही जुजबी. फक्त दिशा नीट बघा : ‘मालागा सेंत्रो’ म्हणजे शहर, ‘फुएन्खिरोला’ म्हणजे उलट्या बाजूचं गाव. माझा दीर झोपेच्या तारेत उलट्या गाडीत बसला आणि आम्ही स्टेशनावर फुलं घेऊन तासभर उभे. मुख्य रेल्वे स्टेशनचं नाव मारिया थांब्रानो. जुन्या शहरात राहणार असाल तर त्याच्या पुढचा, शेवटचा थांबा घ्या.

कुठे राहायचं

पहिल्या खेपेला जुनं शहर किंवा त्याला लागून असलेला सोहो. इथून सगळं चालत. पण रात्री दोनपर्यंत खिडकीखाली गप्पांचा फड रंगतो, झोप सावध असेल तर आतल्या चौकाकडची खोली मागा. मुलं बरोबर असतील आणि रोज समुद्र हवा असेल तर मालागेता किंवा पेद्रेगालेखो.

एक नाजूक गोष्ट. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांमुळे इथल्या लोकांना राहायला जागा परवडेनाशी झाली आहे, त्यावरून मोर्चेही निघाले आहेत. राग तुमच्यावर नसतो, पण पहाटे तीनला दगडी गल्लीतून चाकांची बॅग खडखडवत नेलीत तर तो तुमच्यावर निघेल. बॅग उचलून न्या.

घड्याळ बदला

आता मुख्य मुद्दा. मालागा ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ चालतं मध्य युरोपाच्या वेळेवर. म्हणून जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या पुढे. तुम्ही सकाळी आठला हॉटेलातून निघून संध्याकाळी सातला जेवायला जागा शोधणार असाल, तर दिवसभर उन्हात शिजाल आणि संध्याकाळी उपाशी राहाल.

जेवण दुपारी दोन ते चार. त्यानंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद, ती उघडणार रात्री आठ-साडेआठला, आणि तेव्हा आत फक्त परदेशी लोक दिसतील. स्थानिक मंडळी नऊनंतर. छोटी दुकानं दुपारी दोन ते पाच बंद. वामकुक्षीचं महत्त्व आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको!

तर दिवसाची मांडणी अशी करा. चढ-उताराचं जे काही असेल ते सकाळी अकराच्या आत. बारा ते दोन बाजार किंवा संग्रहालय, जिथे डोक्यावर छप्पर आहे. मग पोटभर जेवण आणि झोप. सहानंतर समुद्र, आणि दिवेलागणीला पुन्हा शहर. पुढचं सगळं याच घड्याळावर लिहिलं आहे.

पहिली सकाळ : नाश्ता, मग चढ

हॉटेलचा नाश्ता घेऊ नका. कोपऱ्यावरच्या कुठल्याही कॅफेत जा आणि ‘पितुफो’ मागा. हा मालागाचा शब्द, छोट्या पावासाठीचा. भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ. शाकाहारी माणसाचा दिवस इथून सुखाने सुरू होतो.

कॉफी मात्र नुसती ‘कॉफी’ म्हणून मागायची नाही. दुधाच्या प्रमाणाप्रमाणे इथे वेगवेगळी नावं आहेत, आणि ती पक्की झाली कॉन्स्तितुसियोन चौकातल्या एका जुन्या कॅफेत. ते २०२२ मध्ये बंद पडलं, नावं राहिली. ‘सोलो’ म्हणजे बिनदुधाची. ‘मितात’ म्हणजे निम्मी-निम्मी. ‘सोंब्रा’, म्हणजे सावली, त्यात कॉफी कमी आणि दूध जास्त. ‘नूबे’, म्हणजे ढग, त्यात दुधाला कॉफीचा नुसता वास लागलेला. फिल्टर कॉफीवर वाढलेल्यांनी ‘मितात’पासून सुरुवात करावी. माझ्या मावशीला नूबे आवडली, कारण ती बोर्नव्हिटासारखी लागते म्हणे.

मग अल्काझाबा, म्हणजे टेकडीवरची जुनी गढी. पायथ्याशी आधी रोमन नाट्यगृह लागतं. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं हे नाट्यगृह १९५१ मध्ये बागेचं काम करताना सापडलं. त्याच्या डोक्यावर तोवर सरकारी सांस्कृतिक भवन बांधून झालं होतं, ते पुढे पाडावं लागलं. आत जायला पैसे नाहीत. पायऱ्यांवर बसून वर बघा : मागे अकराव्या शतकातली मुस्लिम राजांची गढी, आणि तिच्या भिंतींत खालच्या रोमन नाट्यगृहातून उचलून नेलेले खांब. जुन्याचं नवं करण्याची हौस फार जुनी आहे.

अल्काझाबाची वाट वळणावळणाची आणि सावलीची आहे. आत कारंजी, पाण्याचे पाट, मोगऱ्या-जाईच्या जातीचे वेल. त्याच्या वर, सुमारे १३० मीटर उंचीच्या टेकडीवर, खिब्राल्फारो किल्ला. दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं, रविवारी दुपारी दोननंतर फुकट. आता चूक होते ती इथे : नकाशात दोन्ही तटबंदीने जोडलेले दिसतात, पण आतून वाट नाही. अल्काझाबातून खाली उतरून बाहेरच्या चढाने परत वर जावं लागतं.

मी आईला पहिल्या वर्षी जुलैत दुपारी दोन वाजता हा चढ चढवला. निम्म्यावर ती कठड्यावर बसली, पदराने वारा घेतला आणि म्हणाली, “सिंहगड परवडला, तिथे निदान ताक मिळतं.” तेव्हा ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी ३५ नंबरची बस घेऊन थेट वर जावं, खिब्राल्फारो बघावा आणि चालत खाली यावं. वरून बंदर, बैलांच्या झुंजीचं गोल मैदान आणि त्याला चिकटून उभ्या इमारती अशा दिसतात की बाल्कनीतल्या लोकांना तिकीट काढावं लागत नसेल.

दुसरी सकाळ : बाजार, एकहाती चर्च, पिकासो

अतारासानास बाजार सकाळी दहाच्या सुमारास गाठा. दुपारी दोन-तीनपर्यंतच चालतो, रविवारी बंद. हे नाव मूळचं अरबी, अर्थ जहाजं बांधण्याची जागा. एकेकाळी समुद्र इथवर होता. त्या काळची एकच संगमरवरी कमान उरली, तीच आज दक्षिणेचं दार. वर दोन छोट्या ढाली कोरल्या आहेत, त्यांवरची अरबी अक्षरं बघायला मान उंच करावी लागते. आत १८७० च्या दशकातला लोखंडी सांगाडा आणि मागच्या बाजूला रंगीत काचांची भलीमोठी खिडकी. सकाळी तिच्यातून पडलेला निळा-लाल उजेड कोळणींच्या बर्फावर सांडलेला असतो. ओले बदाम, ऑलिव्हचे दहा प्रकार, मालागाचे गोड मनुके घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात आंबाही दिसेल. हो, आंबा! जवळच्या अक्सार्किया भागात त्याच्या बागा आहेत. हापूसशी तुलना करू नका, उगीच दोघांचाही अपमान होतो.

तिथून कॅथेड्रल दहा मिनिटांवर. १५२८ मध्ये काम सुरू झालं, १७८२ मध्ये थांबलं, आणि दुसरा मनोरा आजतागायत अर्धाच आहे. म्हणून लोक तिला लाडाने ‘ला मांकीता’ म्हणतात, म्हणजे एका हाताची बाई. आत जायचं की नाही ते तुमच्या हौसेवर. मला बाहेरून, संत्र्याच्या झाडांच्या सावलीत बसून बघायला जास्त आवडते.

पिकासोचा जन्म इथला, २५ ऑक्टोबर १८८१, मेर्सेद चौकातल्या कोपऱ्यावरच्या घरात. १८९१ मध्ये कुटुंब शहर सोडून उत्तरेला गेलं, तेव्हा पोरगा जेमतेम नऊ वर्षांचा. वडील चित्रकलेचे शिक्षक आणि कबुतरं काढण्यात तरबेज. चौकात आजही कबुतरांची झुंबड असते. पिकासोने पुढे मुलीचं नाव ठेवलं पालोमा, म्हणजे कबूतरच. जन्मघर छोटं आहे, अर्ध्या तासात होतं. मोठं पिकासो संग्रहालय वेगळं, ते बुएनाविस्ता राजवाड्यात २००३ मध्ये उघडलं. तिकीट आधी ऑनलाइन काढा. रविवारी शेवटचे दोन तास फुकट असतात, पण रांग बघून फुकटाचा मोह सुटतो. तळघरात जायला विसरू नका, तिथे फिनिशियन काळातल्या भिंतींचे अवशेष आहेत. वर क्युबिझम, खाली अडीच हजार वर्षांपूर्वीची दगडमाती.

एकच संग्रहालय बघणार असाल तर माझं मत मात्र मालागा संग्रहालयाला. बंदरासमोरच्या जुन्या जकात-कचेरीत ते आहे, युरोपीय संघाच्या नागरिकांना फुकट आणि आपल्याला दीड युरो. थंडगार, प्रशस्त आणि दुपारी जवळजवळ रिकामं. पाँपिदू या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचा रंगीत काचेचा ठोकळा बंदरावर आहेच, त्याच्यासमोर फोटो काढून पुढे गेलात तरी चालेल.

काय खायचं, आणि शाकाहाऱ्यांनी काय म्हणायचं

‘सोय बेखेतारियानो’, बाई असाल तर ‘बेखेतारियाना’, एवढ्यावर थांबू नका. इथे हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचे मुरवलेले काप, आणि ट्यूना हे पुष्कळांच्या लेखी मांसात धरत नाहीत. पुढे जोडा : ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन.’ भाजीच्या सॅलडवरही ट्यूना येऊन बसतो.

निर्धास्त मागवावं ते आखोब्लांको : बदाम, लसूण, पाव, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर वाटून केलेलं पांढरंशुभ्र गार सूप, वर द्राक्षं. उन्हाळ्यात गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं गार सूप, सगळीकडे. आणि ‘बेरेनखेनास कोन मिएल’ मागवलंत तर मला आठवा. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून कुरकुरीत तळायचे आणि वर काळी, दाट ‘मिएल दे कान्या’ सोडायची. शब्दशः उसाचा मध, जिभेवर ठेवलात की कळतं : ही आपली काकवी! ती या किनाऱ्यावरच्या फ्रिखिलियाना गावात होते, तिथला कारखाना युरोपातला या प्रकारचा शेवटचा उरलेला. कोल्हापूरच्या मामांनी दोन बाटल्या नेल्या आणि गुऱ्हाळातलीच आहे म्हणून सांगून टाकलं.

मासे खाणाऱ्यांसाठी एस्पेतो. वाळूवर जुनी होडी, होडीत वाळू भरलेली, तिच्यावर ऑलिव्हच्या लाकडाचा जाळ. वेताच्या काडीत पाच-सहा सार्डिन ओवून काडी जाळाच्या बाजूला वाळूत तिरकी रोवतात. जाळावर नाही, जाळाशेजारी. वारा कुठून येतोय ते बघून भाजणारा काड्या हलवत राहतो. वर फक्त जाड मीठ. मे ते ऑगस्ट सार्डिन चरबीने भरलेली असते, तेव्हाच खावी. १८८५ मध्ये राजा बारावा अल्फोन्सो इथे आला होता आणि काटा-सुरी उचलताच भाजणाऱ्याने त्याला ‘असं नाही, बोटांनी’ म्हणून टोकलं, अशी आख्यायिका आहे. आपल्याला हे शिकवायची गरज नाही.

दारू घेणाऱ्यांनी आलामेदा रस्त्यावरच्या १८४० पासूनच्या आंतिग्वा कासा दे ग्वार्दियात उभ्याउभ्या एक गोड मोस्कातेल घ्यावी. पिंपातून थेट पेल्यात, आणि हिशेब समोरच्या लाकडी फळ्यावर खडूने.

तिसरी संध्याकाळ : समुद्र

मालागेताचा किनारा शहराला लागून, सोयीचा, पण गर्दीचा. वाळू करड्या रंगाची. सोनेरी किनाऱ्याची छायाचित्रं डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होईल. मी पाहुण्यांना ११ नंबरच्या बसने पेद्रेगालेखोला नेते. जुनी कोळीवस्ती, बुटकी घरं, छोट्या छोट्या अर्धगोल खाड्या, आणि सगळीकडे होडीतल्या जाळाचा धूर. एल पालोपर्यंत काठाकाठाने चालत जा. तिथल्या एल तिंतेरोत वाढपी ताटल्या हातावर घेऊन पदार्थांची नावं ओरडत फिरतात, हवं ते हात वर करून घ्यायचं. दादरच्या भाजीबाजारात वाढलेल्यांना घरी आल्यासारखं वाटेल.

पोहून झाल्यावर अंगावर सदरा चढवूनच शहरात शिरा. पैसे-पासपोर्ट वाळूवर सोडून सगळ्यांनी एकदम पाण्यात जाऊ नका. आमच्या एका पाहुण्याची पिशवी टॉवेलखालून गेली आणि सुट्टीचे दोन दिवस कागदपत्रांत गेले. मदतीसाठी क्रमांक ११२.

२३ जूनला इथे असाल तर रात्री किनारा सोडू नका. सान खुआनच्या होळ्या पेटतात, चिंध्यांचे पुतळे जाळतात आणि मध्यरात्री लोक समुद्रात पाय बुडवतात.

दिवस उरले तर

कामिनितो देल रेय हा दरीच्या कड्याला टांगलेला लाकडी पूल-रस्ता, खालच्या नदीपासून सुमारे शंभर मीटर उंच. जलविद्युत केंद्रांच्या कामगारांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, मग मोडकळीला आला, २०१५ मध्ये दुरुस्त होऊन उघडला. तिकिटं आठवडे-आठवडे आधी संपतात. एल चोरो स्टेशनला उतरायचं, तिथून बसने उत्तरेच्या दाराशी जायचं आणि दरी उतरत पुन्हा स्टेशनजवळ यायचं. वाट एकाच दिशेची आहे. आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही.

सोपं हवं असेल तर नेरखा. १९५९ मध्ये पाच पोरांना तिथली प्रचंड गुहा सापडली. तिथून वर फ्रिखिलियाना, पांढऱ्या भिंती आणि काकवी. रोंदा सुंदर आहे, पण एका दिवसात जाऊन येणं म्हणजे बसच्या खिडकीतून स्पेन बघणं.

निघायच्या आदल्या रात्री

उन्हाळ्यात संध्याकाळी लारिओस रस्त्यावर पांढऱ्या सदऱ्यातला, कमरेला लाल पट्टा बांधलेला माणूस दिसेल. निवडुंगाच्या फड्यात खोचलेले पांढरे गोल तुरे घेऊन फिरणारा. हे तुरे म्हणजे बिस्नागा. एका रानटी रोपाचा वाळवलेला तुरा घ्यायचा, आणि दुपारी तोडलेल्या जाईच्या न उमललेल्या कळ्या एकेक करून त्याच्या प्रत्येक काडीत ओवायच्या. संध्याकाळी सगळ्या एकदम उमलतात आणि हातात पांढरा चेंडू होतो. घेताना कळ्या अर्ध्या मिटलेल्या असलेला घ्या, रात्रभर टिकतो.

आईने पहिल्या वर्षी असाच एक घेतला. हॉटेलवर आल्यावर बराच वेळ हातात फिरवून बघितला, मग मला म्हणाली, “सुई-दोरा आहे का गं?” आणि एकेक फूल अलगद काढून गजरा ओवायला बसली.